खरे लिहिले, तरीही चोरी?



‘मी खोटे तर बोललो नाही ना?’ हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी असते. खोटे बोललो नाही म्हणजे आपण सुटलो, असे आपण धरून चालतो. परंतु एकही खोटा शब्द न लिहिता एखादा माणूस चोरी करू शकतो का? अमेरिकेतील एका स्तंभलेखकाची हकिगत आपल्याला या प्रश्नापाशी आणून सोडते.

‘वॉल स्ट्रीट जर्नल’ हे न्यूयॉर्कचे उद्योग-व्यापाराला वाहिलेले नामांकित दैनिक. ‘हर्ड ऑन द स्ट्रीट’ हा त्यातील शेअर बाजारावरचा स्तंभ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस आर. फॉस्टर विनन्स हे तो लिहिणाऱ्यांपैकी एक होते. त्या स्तंभाचे वजन एवढे की, एखाद्या कंपनीविषयी त्यात बरेवाईट छापून आले की तिच्या शेअरचा भाव हलू शके. म्हणूनच अंक निघेपर्यंत मजकूर गुप्त ठेवायचा, असा त्या वृत्तपत्राचा नियम होता.

ऑक्टोबर १९८३ मध्ये विनन्स यांनी एका शेअर दलालाशी संधान बांधले. काय छापून येणार हे ते त्याला आधीच सांगत आणि दलाल त्याप्रमाणे शेअर घेऊन किंवा विकून मोकळा होई. चार महिन्यांत सुमारे २७ लेखांची माहिती अशी बाहेर गेली आणि सुमारे ६,९०,००० डॉलर नफा झाला. विनन्स यांच्या पदरात त्यातला लहानसा वाटा पडला. १९८५ साली ते दोषी ठरले, १८ महिन्यांची कैद सुनावली गेली आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीचा ठपका कायम ठेवला. पत्रकार म्हणून उभी राहिलेली त्यांची कारकीर्द तेथेच कोसळली.

आता गंमत पाहा. नफ्यासाठी त्यांनी लेखातील मजकूर फिरवला, असे न्यायालयाला आढळले नाही. वाचकाला जे मिळायचे तेच मिळाले. मग बिघडले कोठे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात असाच एक प्रश्न हाताळला आहे. धान्याची टंचाई असलेल्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत आणि भाव उतरणार आहे, हे त्याला ठाऊक असते. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगायला हवे का? संत थॉमस म्हणतात, न्यायाने तो बांधलेला नाही. मात्र सांगेल तर तो अधिक सद्गुणी ठरेल. म्हणजे दुसऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असणे हे काही पाप नव्हे.

मग विनन्स यांनाही तीच सूट का देऊ नये? कारण व्यापाऱ्याचे ज्ञान त्याचे स्वतःचे होते. विनन्स यांच्याकडचे ज्ञान त्यांच्या हाती सोपवलेले होते. शिवाय भाव हलत होता तो वाचकांच्या विश्वासामुळे. तो विश्वास त्या स्तंभाने वर्षानुवर्षे मिळवला होता. विनन्स यांनी बातमी विकली असे आपण म्हणतो, पण खरे तर त्यांनी हा विश्वास विकला. शिवाय ज्याने अजाणता आदल्या दिवशी आपला शेअर जुन्या भावाने दलालाला दिला, त्याच्या खिशातून नफा गेला. सातवी आज्ञा मोडली ती येथे.

आपल्या मुंबईतील सुचेता दलाल याही आर्थिक विषयांवरच लिहिणाऱ्या. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी स्टेट बँकेतील रोख्यांच्या गैरव्यवहाराची बातमी दिली आणि हर्षद मेहता प्रकरण उजेडात आले. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाती आलेली माहिती सर्वांसमोर एकाच वेळी ठेवणे, हीच या व्यवसायातील नीती.

आपल्यापैकी फारच थोडे जण वर्तमानपत्रात लिहितात. पण सोपवलेले ज्ञान कोणाकडे नाही? पतपेढीच्या संचालकाला कोण अडचणीत आहे ते कळते. कार्यालयातील कारकुनाला नवा रस्ता कोणाच्या वाडीतून जाणार ते आधी कळते. नर्सला रोग्याचे, शिक्षिकेला मुलांच्या घरचे, आम्हां धर्मगुरूंना तर अनेकांच्या अंतःकरणातले कळते. अडचणीतल्या शेजाऱ्याची जमीन, रस्त्याची बातमी त्याला लागण्यापूर्वी स्वस्तात घेणारा म्हणेल, ‘मी खोटे काहीच बोललो नाही.’ बरोबर आहे. तो फक्त गप्प राहिला. पण खुर्चीने दिलेले ज्ञान त्याने स्वतःच्या खिशासाठी वापरले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू येशू थोडक्या गोष्टींतल्या विश्वासूपणाविषयी बोलतो आणि पुढे परक्याच्या मालाबाबत आपण विश्वासू आहोत का, असे विचारतो. आपल्या कानी पडलेली बरीचशी माहिती असा परक्याचाच माल असतो.

म्हणून पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करू, तेव्हा ‘मी खोटे बोललो का?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक विचारू या: ‘जे मला विश्वासाने कळले, त्याचे मी काय केले?’

प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर राहो.

आपला प्रभूसेवेतील,
प्रमुख धर्मगुरू