सोसणे आणि धीर धरणे

मराठी स्त्रियांच्या बोलण्यात 'अंग बाहेर येणे' असा एक शब्दप्रयोग आहे. तो उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो आणि पुरुषमाणूस जवळपास असला तर वाक्य अर्ध्यावरच थांबते. वैद्यकशास्त्र ज्याला गर्भाशयाचा, मूत्राशयाचा किंवा गुदाशयाचा भ्रंश म्हणते, त्याचे हे घरगुती नाव. कटीच्या तळाशी स्नायूंची आणि बंधांची एक झोळी असते. बाळंतपणे, अवजड ओझी, जुनाट खोकला, मलावरोध किंवा वय यांनी ती सैल पडते आणि वरचा अवयव खाली उतरतो. 'अंग' हा शब्द मात्र अवयवापाशी थांबत नाही. जणू सारी स्त्रीच आपल्या जागेवरून ढळली आहे, असे तो सुचवून जातो.

दुखणे पुरातन आहे. चरक-सुश्रुतांनी योनिव्यापदांची संख्या वीस सांगितली. त्यांतील 'महायोनि' आणि सुश्रुताने नोंदलेली 'प्रस्रंसिनी' या व्याधी याच जातीच्या. प्राचीन ग्रीक वैद्य रुग्णेला शिडीला उलटी बांधून शिडी हालवीत, किंवा अर्धे डाळिंब आधार म्हणून आत बसवीत. विसाव्या शतकात मुंबईत डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर या गोमंतकीय शल्यविशारदाने गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. आणि 1948 साली आर्नोल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टराने तळाच्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत मांडली.

ही अखेरची वाट बाकीच्यांहून वेगळी आहे. येथे दुसऱ्याचा हात लागत नाही. स्नायू आत ओढून धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे; वस्तू उचलताना श्वास बाहेर टाकायचा; अंथरुणातून सरळ न उठता कुशीवर वळून उठायचे; शौचाला जोर करायचा नाही; दिवसातून काही वेळ आडवे पडून देहाचा भार उतरू द्यायचा. सांगायला पाच मिनिटे, अंगवळणी पडायला महिनोन्महिने. त्यात एखादी सर्दी येते, रात्रभर खोकला होतो, किंवा रडणारे नातवंड कडेवर घ्यावेच लागते, आणि तीन महिन्यांची कमाई एका संध्याकाळी गेल्यासारखी वाटते. अशा वेळी स्त्रीला प्रथम आठवते ती स्वतःची चूक. वास्तविक ती चूक नसते. गुरुत्वाकर्षण कोणाच्याच बाजूने सुट्टी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या उपायाने नेमके काय साधते? 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 447 स्त्रियांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. शिकवणीखाली व्यायाम केलेल्या स्त्रियांचा त्रास इतरांपेक्षा अधिक कमी झाला. अवयवाच्या पातळीत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे ढळलेले अंग बव्हंशी तेथेच राहिले आणि जगणे सुसह्य झाले. ज्याला रोग म्हणजे केवळ स्थानभ्रंश वाटतो, त्याला हे अपयश वाटेल. ज्या स्त्रीला पुन्हा देवळापर्यंत चालत जाता आले, तिचे मत वेगळे असेल.

मग येथे कोणता गुण कामी आला? भारतीय परंपरेत त्याच्याजवळचा शब्द तितिक्षा. परंतु वेदान्त्यांनी तितिक्षेच्या व्याख्येत दुःखाचा प्रतिकार न करणे हीही अट घातली आहे. संन्याशाला ती शोभते, कारण त्याने ती निवडलेली असते. गृहिणीला तिची दीक्षा न विचारता दिली जाते आणि वर सोशिकपणाचे कौतुक केले जाते. व्यायामाचा धीर याच्या उलट जातीचा आहे. तो दररोज प्रतिकार करतो, फक्त फळाची तारीख मागत नाही. सोसणारी आपल्या दुखण्याकडे पाठ फिरवते. धीर धरणारीला त्याच्याशी रोज बोलावे लागते.

आणि बोलायला आधी ऐकणारे कोणी हवे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाला. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. तक्रार मात्र 55 टक्क्यांनीच सांगितली होती, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. पुढे राणी बंगांनी स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या पुस्तकाला 'कानोसा' हे नाव दिले, ते फार नेमके आहे.

धीराला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे उसंत. गुरुग्रामच्या एखाद्या सुसज्ज रुग्णालयात स्त्रीला आसने, श्वास आणि विश्रांती यांचे वेळापत्रक मिळू शकते. त्याच शहरात नव्या इमारतीच्या पायाशी दुसरी स्त्री डोक्यावरून विटा वाहत असते. 'जड उचलू नका' हा सल्ला दोघींना सारखाच लागू आहे. पण पहिलीला तो उपचार आहे आणि दुसरीला रोजगार सोडण्याची सूचना.

बीड जिल्ह्यात हा पेच उघडाच दिसतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. तिला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेचे नाव 'उचल'. ती फेडायची मोळ्या उचलूनच. खाडा झाला की दंड. 2019 साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तेथील 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. त्यांच्या तक्रारी बहुधा पाळीच्या आणि अंगावरून जाण्याच्या होत्या, भ्रंशाच्याच असे नव्हे. तरी निर्णयामागचा हिशेब तोच होता. वारंवार बुडणाऱ्या मजुरीपेक्षा एकदाची शस्त्रक्रिया स्वस्त वाटली. त्यांना कोणी अधीर म्हणू नये. फडात पहाटेपासून वाकलेल्या बाईला कुशीवर वळून उठायला सांगणाऱ्याने, ती मुळात झोपते किती आणि कोठे, हे आधी विचारायला हवे होते. आणि मोळी उचलताना श्वास कधी सोडायचा हे शिकवण्यापूर्वी मोळीचे वजन.