निळी रेघ, लाल रेघ

12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचं बांधकाम सुरू असलेलं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहराला सावरण्याची जबाबदारी सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. सारं झपाट्याने झालं. मात्र या धावपळीत नदीचा विचार फारसा नव्हता. धरण फुटलं म्हणून पूर आला, तेव्हा दोष धरणाचा. चौकशीही धरणाचीच झाली. नुसत्या पावसाच्या बळावर मुठा पेठांत शिरू शकते, हे पानशेतच्या आठवणीखाली दबून गेलं.

ती शक्यता कागदावर आली पूररेषांमुळे. पाटबंधारे खात्याच्या 1989च्या परिपत्रकाने राज्यात दोन रेघा आखायला सांगितल्या. निळी रेघ सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेघ 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेघेच्या आत बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मधल्या पट्ट्यात ते अटी घालून. पूर आता दैवाचा कोप राहिला नाही आणि कुणा अभियंत्याची चूकही. तो शक्यतेचं गणित झाला. आपत्तीत आपण कुठे उभे आहोत, हे शहराने स्वतःला विचारायची सोय प्रथमच झाली.

शहरांनी त्या गणिताचा सोयीचा अर्थ लावला. ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची 25 वर्षं निर्धास्त, असं नव्हे. दरवर्षी 4 टक्के शक्यता, इतकंच. 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निळ्या रेघेवरच्या घराला पाणी लागण्याची शक्यता 55 टक्क्यांच्या वर जाते. घरांच्या जाहिरातीत नदीचा देखावा असतो, हा आकडा नसतो. मनाईची रेघ पाहता पाहता परवानगीची रेघ झाली: इथपर्यंत बांधता येतं!

शिवाय रेघ नकाशावर थांबते, नदीपात्र थांबत नाही. राडारोड्याचे भराव पडले, पूल आणि रस्ते पात्रात उतरले की तेवढंच पाणी अधिक उंची गाठतं. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जाणं ही दर पावसाळ्यातली ठरलेली बातमी. 25 जुलै 2024 रोजी मात्र सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. तेव्हा खडकवासल्यातून सुटलेला विसर्ग सुमारे 35 हजार क्युसेक होता, निळ्या रेघेसाठी धरलेल्या विसर्गाहून बराच कमी.

सांगलीत पावसाळ्यात ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती, हा प्रश्न घरोघर असतो. धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांपलीकडे गेली. 2005च्या पुरापासून तिथे आरोपी ठरलेला होता, कर्नाटकातलं अलमट्टी धरण. 2019च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. अतिवृष्टीबरोबर पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. ते पचणं अवघड होतं. परक्या धरणावर राग काढता येतो, स्वतःच्या गुंठेवारीवर कोण काढणार? पुण्याचं पानशेत, सांगलीचं अलमट्टी: पुराला बाहेरचा आरोपी सापडला की गावाला जागचं हलावं लागत नाही.

हलून दाखवलं ते नेदरलँड्सने. 1995च्या पुरात तिथे सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली. बंधारे आणखी उंच करण्याची त्यांची शतकांची सवय. तिच्या जोडीला नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम आला. नायमेखेनमध्ये वाल नदीचा बंधारा सुमारे 350 मीटर मागे नेला, त्यासाठी सुमारे 50 घरं पाडली. विरोध झालाच, पण वाटाघाटी करून काम पूर्ण केलं.

पुण्यात सध्या मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठाच्या सुधार प्रकल्पावरून वाद आहे. बांधांमुळे पात्र आवळेल, असं विरोधक म्हणतात. पुराची पातळी उलट कमी होईल, असं महापालिका म्हणते. भांडण पातळीचं आहे. काठावरचं काय मागे घ्यायचं, या प्रश्नाला दोन्हीकडे अजून फारसा वाव मिळालेला नाही.