देणाऱ्याचा संकोच

शेजारच्या घरावर संकट आले असता मदत करावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर लहान मुलासही ठाऊक असते. विचारण्यासारखा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मदतीच्या वेळी लाजावे कोणी, घेणाऱ्याने की देणाऱ्याने? प्रथमदर्शनी हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, कारण घेणाऱ्याची मान खाली जावयाचीच असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्यामुळे आपल्या हातून घडणाऱ्या सत्कृत्यातही एक प्रकारची निर्दयता शिरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विषय हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण कल्पून पाहू. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. तेथे अडतीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या एका गृहस्थाचा सोळा वर्षांचा मुलगा सकाळी उठतो, तो पायांना मुंग्या आलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना चढवत नाही. तिसऱ्या दिवशी हात उचलत नाहीत. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन सुमारे ४० किलोमीटरांवरील शहरात धाडल्यावर निदान होते ते गुइलेन-बॅरे ह्या विकाराचे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ह्याच विकाराचा उद्रेक झाला, तेव्हा हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले. ह्यात शरीराची रक्षक शक्तीच स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते. दुर्बलता पायांकडून वर चढत जाते, आणि ती श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचली तर रुग्णास कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण उपचार वेळेवर मिळावे लागतात, आणि ते महाग असतात. इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध वजनाच्या दर किलोस एकूण २ ग्रॅम ह्या प्रमाणात, बहुधा ५ दिवसांत विभागून देतात. ५० किलो वजनाच्या मुलास १०० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २० कुप्या. आणि एकेका कुपीची किंमत हजारांत. त्यात अतिदक्षता विभागाचा रोजचा आकार मिळविला की रक्कम लाखांच्या घरात जाते. हिशेबनिसाच्या वहीत असे आकडे रोज येतात; पण ते दुसऱ्याचे असतात.

ह्यापुढे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. नळ्या लावलेल्या मुलाचे छायाचित्र, हात जोडलेली आई, खाली खात्याचा क्रमांक. आणि हे सर्व एका रात्रीत तालुकाभर मोबाईलवर फिरते. पैसे जमतात. देणारी माणसे भली असतात, त्यांना बोल लावण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्या मुलास कोणी विचारले? सोळाव्या वर्षी ओठांवर फुटलेली लव कोणी न्याहाळली तरी जीव संकोचतो. त्याच वयात त्याचा उघडा, असहाय देह चव्हाट्यावर मांडला गेला. तो बरा होऊन पुन्हा कॉलेजात जाईल तेव्हा त्याच्या आधी ते चित्र तेथे पोचलेले असेल. बापाची गत ह्याहून निराळी नाही. पुढील दिवाळीस त्याने नवा सदरा शिवला, मुलीच्या लग्नात चार पाने अधिक वाढली, की कोणीतरी म्हणणारच, "आमच्या पैशांवर चालले आहे!" पाचशे रुपये देऊन आपण त्याच्या घरात डोकावण्याचा कायमचा हक्क विकत घेतलेला असतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लोकांचा हात खिशाकडे जात नाही. अब्रू सांभाळता सांभाळता मुलगा गेला तर त्या अब्रूचे करावयाचे काय? दुसरा असा की, फसवेगिरी वाढलेली असता दात्याने खातरजमा करून घ्यावी हे योग्यच आहे. पहिल्यास उत्तर एवढेच की, दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तर आईबापांनी काहीही करावे. बुडत्याला पोहण्याची रीत विचारू नये. पण मार्ग उरला नाही हे ठरण्यापूर्वी गावाने काही केले होते काय, हे गावास विचारता येते. दुसऱ्या आक्षेपात पुरावा आणि प्रदर्शन ह्यांची गल्लत आहे. गावातील दोघातिघा विश्वासू माणसांनी रुग्णालयाची कागदपत्रे पाहावीत, रक्कम थेट रुग्णालयात भरावी, आणि जमाखर्च सर्वांपुढे ठेवावा. हिशेब उघडा असावा. रुग्ण उघडा असण्याचे कारण नाही.

तैत्तिरीय उपनिषदात विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य दान कसे करावे ते सांगतात. त्यात श्रद्धेबरोबर लाजेचाही उल्लेख आहे, आणि ती लाज देणाऱ्याची आहे. देणाऱ्याने का लाजावे? एक तर गरजेच्या मानाने त्याचे देणे बहुधा तोकडेच असते. दुसरे असे की, आपला मुलगा आज धडधाकट शाळेस गेला, ह्यात आपले कर्तृत्व काही नाही. रोगाने शेजारचे दार ठोठावले, आपले ठोठावले नाही, एवढाच काय तो भेद. हे ज्याच्या ध्यानात आले त्याचा हात वरून खाली येत नाही. तो समोरून येतो.

अशा देण्याचा नमुना शोधण्यास फार दूर जावयास नको. आपल्या शेतकऱ्यांत सावड आहे. आज तुझ्या रानात माझी बैलजोडी, उद्या माझ्या रानात तुझी. त्यात उपकार कोणाचा नाही, म्हणून मिंधेपणाही नाही. कोणी म्हणेल, सावडीत फेड असते. हा हिशेबनीस लाख रुपये कसे फेडणार? त्याने ते आपल्यालाच फेडावे असे नाही. पुढे ज्याच्या घरी रात्र वैऱ्याची येईल, त्याच्या उशाशी तो जागेल. आणि ज्या औषधासाठी ही सारी धडपड, ते तरी काय आहे? इम्युनोग्लोब्युलिन हजारो माणसांच्या रक्तातील द्रव एकत्र करून काढतात. त्या मुलाच्या शिरेत थेंबथेंब उतरते ती हजारो अनोळखी माणसांची सावडच होय. त्यांतील एकानेही त्याचे छायाचित्र मागितले नव्हते.

शासनाची जबाबदारी ह्यामुळे कमी होत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली ठरलेल्या आजारांसाठी दर कुटुंबास वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून आहे. ही मदत नव्हे, हा हक्क आहे. पण पहाटे तीन वाजता रुग्णालयाच्या ओट्यावर बसलेल्या बापास तो आठवत नाही. अशा वेळी शिधापत्रिका घेऊन पहिल्या गाडीने शहर गाठणारा, त्याच्याबरोबर खिडकीपाशी उभा राहणारा शेजारी नोटांच्या पुडक्याइतकाच मोलाचा. शिवाय बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च, महिनोन्‌महिने चालणारा व्यायामोपचार, ह्यांतील बराच भाग कोणत्याच योजनेत बसत नाही. वर्गणीचा उत्साह आठवड्यात ओसरतो, आणि मुलगा पुन्हा चालू लागण्यास सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत त्याच्या घरी कोण जातो, आणि गेल्यावर दिलेल्या पैशांचा विषय न काढता किती वेळ बसतो, ह्यावरून गावाची परीक्षा करावी.