अस्वाद आणि आस्वाद

महात्मा गांधींच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ आणि ‘शरीरश्रम’ ही दोन व्रते आहेत. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रतांचे विवरण केले. अन्न औषधासारखे, देहाच्या गरजेपुरते घ्यावे, जिभेसाठी घेऊ नये, हा पहिल्याचा आशय. अंगमेहनत केल्यावाचून जो खातो तो दुसऱ्याचे खातो, हा दुसऱ्याचा. वरवर पाहता ही व्रते परस्परांना पूरक आहेत. परंतु जो स्वतः पिकवून खातो, त्याच्या अनुभवात त्यांचा विरोध जाणवू लागतो. स्वतःच्या कष्टाने वाढवलेले फळ विकतच्या फळाहून अधिक चवदार लागते. एक व्रत पाळल्यामुळेच दुसरे मोडण्याचा मोह उत्पन्न होतो. या विरोधाची तड लावायची तर एखादे अगदी साधे फळ समोर ठेवून विचार करणे सोयीचे.

असे एक फळ रायपूरच्या परसांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत सापडते. छत्तीसगढीत टोमॅटोला ‘पताल’ म्हणतात आणि घरामागच्या भाजीच्या तुकड्याला ‘बारी’. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता; पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात राहिले. त्या संबंधातून इकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी वैदर्भी बोलीतला ‘भेदरे’ हा शब्दही सोबत आणला. आज बाजारात ‘चेरी टोमॅटो’ या नावाने जे बोराएवढे फळ मिळते, ते नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. टोमॅटोचा रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला, आणि त्याची फळे वाटाण्याहून थोडी मोठी. चेरी टोमॅटो या पूर्वजाच्या अधिक जवळचा. तळहात भरणारे मोठे फळ हीच माणसाने मागाहून केलेली घडण होय.

रायपूरच्या हवेत हे झाड केव्हाही येत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि फुले फळ न धरताच गळतात. म्हणून पाऊस ओसरल्यावर रोपे लावायची आणि डिसेंबर ते मार्च या काळात फळाची वाट पाहायची. इथला शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. कन्हार काळी आणि ओल धरणारी. भाटा मुरमाड, लालसर, पाणी न धरणारी. अंगणात भाटा असेल तर शेणखत घालून तिची समजूत काढावी लागते. वेल उंच वाढते, तिला आधार द्यावा लागतो. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिले, तर पिकत आलेल्या फळांची साल तडकते. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी पहिला घोस रंग धरतो, आणि तोही एकदम नव्हे, एकेक फळ करून.

त्या पहिल्या फळाची चव खरोखर श्रेष्ठ असते की ती केवळ आत्मप्रीती असते, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. शास्त्राचे उत्तर अंशतः बागवानाच्या बाजूचे आहे. साध्या टोमॅटोच्या रसात शर्करा, आम्ल इत्यादी विरघळलेले पदार्थ सुमारे ४ ते ५ टक्के असतात. चेरी टोमॅटोत ते ७-८ टक्क्यांपर्यंत जातात. वेलीवर पिकलेल्या फळाचा गंध शीतकपाटात ठेवलेल्या फळात क्षीण होतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने आणखी एक गोष्ट उघड केली. कच्चेपणी सर्वांगी सारखा फिका हिरवा आणि पिकल्यावर सारखा लाल होणारा टोमॅटो पैदासकारांनी अनेक दशके निवडला. पण या एकसारखेपणाला कारण होणारा जनुकीय बदल फळातली हरितद्रव्याची सिद्धता, आणि तिच्यासोबत साखरही, कमी करतो. डोळ्यांना जे रुचले त्याची किंमत जिभेने मोजली.

तरीही सगळा हिशेब साखरेने पुरा होत नाही. उरलेला भाग ममत्वाचा आहे, आणि इथे भारतीय काव्यशास्त्र मदतीला येते. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना जेवणाचाच दृष्टान्त घेतला आहे: प्रसन्न मनाचा माणूस जसा नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न आस्वादतो, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. अभिनवगुप्ताने पुढे रसाच्या मार्गातली विघ्ने सांगितली. स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हे त्यांपैकी एक. ‘हे माझे’ ही भावना आस्वाद वाढवीत नाही, अडवते, असे त्याचे म्हणणे. या कसोटीवर पाहिले तर शेजारणीच्या कुंडीतले तितकेच पिकलेले फळ ज्याला फिके लागते, तो फळ चाखत नसून स्वतःलाच चाखत असतो. गांधींचा अस्वाद आणि अभिनवगुप्ताचा आस्वाद यांच्या वाटा निराळ्या; पण दोघांनाही नको आहे तो हाच ‘मी’.

या ‘मी’ची खरी परीक्षा परसाच्या कुंपणाबाहेर होते. छत्तीसगढमधील जशपूर जिल्ह्यातला पत्थलगावचा परिसर टोमॅटोच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ च्या डिसेंबरात भाव इतके कोसळले, की तिथल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जानेवारी २०१७ मध्ये खुद्द रायपुरात शेतकऱ्यांनी निषेध म्हणून भाजीपाला फुकट वाटला. उलट २०२३ च्या पावसाळ्यात देशभर टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला आणि शहरी घरांत त्याची चर्चा सोन्यासारखी होऊ लागली. भाव पडला की शेतकरी रडतो, भाव चढला की गिऱ्हाईक. परसबागेचा धनी मात्र दोन्ही वेळी सुरक्षित असतो. त्याची वेल करपली तर हळहळ उरते. शेतकऱ्याची करपली तर कर्ज. म्हणून गच्चीवर दहा कुंड्या वाढवल्या एवढ्याने शरीरश्रमाचे व्रत पार पडले, असे मानणे ही सोयीची समजूत आहे. हौसेचा घाम आणि पोटाचा घाम एका तराजूत घालता येत नाही.

मग या लहानशा लागवडीचे नैतिक मोल काय? त्यातून ज्ञान होते, हे. ज्याने एका घोसासाठी दोन महिने पाणी वाहिले, त्याला ओतून दिलेल्या टोमॅटोच्या ढिगात किती दिवस पडले आहेत हे कळू शकते. कळेलच असे नाही; पण त्याच्यापाशी न कळण्याची सबब उरत नाही. मंडईत भाव पाडून मागताना त्याची जीभ थोडी अडखळली, डाग असलेले फळ बाजूला सारताना हात थोडा थांबला, तर श्रमाने जन्मलेल्या चवीने आपले काम केले. अशी चव जिभेचे लाड करीत नाही. उलट जबाबदारी सोपवते. अस्वादव्रताला तिच्याशी भांडण्याचे कारण राहत नाही.

याच टोमॅटोच्या हंगामात, पौष पौर्णिमेला, छत्तीसगढात छेरछेरा साजरा होतो. धान घरात आलेले असते. लहानथोर दारोदार जाऊन धान मागतात. ज्याच्या दारी मागणारे येतात त्याची मुलेही दुसऱ्याच्या दारी मागत असतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नसतो आणि देण्यात मोठेपणा नसतो. जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विचार इथे निरक्षर खेडुतानेही आचरणात आणला आहे. परसातल्या पहिल्या घोसाची वाटणी कशी करावी, हे सांगायला याहून निराळे शास्त्र नको. कुणाच्या तरी हातावर फळ ठेवावे, आणि ते कुणी पिकवले हे न सांगता, त्याला कसे लागले एवढेच विचारावे.