जागेचा अदब

जे समोर नाही ते समोर पाहण्याची हौस माणसाला जुनीच आहे. महाबळेश्वरच्या एका कड्याला लोक हत्तीचे डोके म्हणतात. कड्यात हत्ती नाही. पण कुणी बोट दाखवले की सोंड दिसू लागते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणाऱ्या धारेत भाविक कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या पाहतात. वास्तवावर कल्पनेचा पदर पांघरणे मोबाईलने शोधलेले नाही.

मग २०१६ साली आलेल्या ‘पोकेमॉन गो’ने नवे काय केले? उपग्रहांच्या मदतीने फोनला आपली जागा कळते, कॅमेरा समोरचा रस्ता दाखवतो आणि त्या रस्त्यावर एक काल्पनिक प्राणी उभा राहतो. संवर्धित वास्तव हे जड नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही हाती ते खेळ म्हणून आले. खेळाशी आमचे वैर नाही. खोलीत बसून राहणारे मूल त्यामुळे चालू लागले, ही गोष्ट लहान नाही.

प्रश्न निराळा आहे. कुणाच्या जागेवर काय दिसावे, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा? त्याच वर्षी पोलंडमधील ऑशविट्झच्या स्मारकाला, ‘येथे हा खेळ खेळू नका,’ असे सांगावे लागले. जिथे लाखो माणसे मारली गेली, तिथे खेळातले प्राणी! प्रार्थनास्थळांत खेळातली अंडी दिसतात, ही तक्रार गुजरात उच्च न्यायालयात गेली. डिसेंबरमध्ये खेळ भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा जिओची दुकाने खेळातले थांबे झाली. म्हणजे मुलाचे पाऊल कुठे वळावे, यातही व्यापार आला.

कुणी म्हणेल, जुने पदर तरी कुठे विचारून पांघरले होते? रास्त आहे. गव्हर्नर जॉन माल्कमच्या नावाने माल्कम पेठ झाली, आर्थर मॅलेटच्या नावाने आर्थर सीट. डोंगराला कुणी विचारले नाही, डोंगरातल्या माणसांनाही नाही. म्हणून जुने ते चांगले, नवे ते वाईट, असा निवाडा आम्ही करत नाही. आमची कसोटी साधी आहे. हत्ती पाहण्यासाठी कड्याकडेच पाहावे लागते; पाच नद्या पाहायच्या तर नजर पाण्यावरच ठेवावी लागते. पडद्यावरच्या प्राण्याला मात्र कडा आणि बाजार सारखाच. त्याला जागा नको, फक्त आपली नजर हवी.

उर्दूत साहित्याला आणि शिष्टाचाराला एकच शब्द आहे : अदब. कुणाच्या घरात शिरताना इजाजत घ्यावी, हे मुलांना शिकवतो. मग कुणाच्या मशिदीवर, मंदिरावर, कबरीवर चित्र उमटवताना ती का नको? कायदा होईल तेव्हा होईल. तोवर सहलीला निघालेल्या मुलांना एवढे तरी सांगू या : कड्यावर गेलात तर आधी कडा पाहा. तिथे पाय घसरला, तर खाली दरी आहे. ती खेळातली नव्हे.