वाढप्याचा न्याय

लग्नाच्या पंगतीत वाढपी हा एकच माणूस असा असतो, की ज्याच्यापुढे न्यायमूर्तीसुद्धा मुकाट्याने पानावर बसतात. जिलबीचं ताट त्याच्या हातात. त्याने कुणाकडे आधी वळावं, हा प्रश्न वरवर पोटाचा वाटतो. आहे मात्र नीतिशास्त्राचा. आणि गंमत अशी, की या प्रश्नावर फार कसून डोकं खाजवलं ते कॉम्प्युटरवाल्यांनी.

त्यांची पंगत म्हणजे हार्ड डिस्क. आत तबकड्या गरगरतात आणि एक चिमुकला दांडा आत-बाहेर सरकत हवी ती माहिती वाचतो. तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. ऐकायला केवढा वेग! पण एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर अडीच कोटी ठोके मोजून जांभया देत बसलेला असतो. थोडक्यात, वाढपी एक, पानं हजार, आणि जो तो ओरडतोय, "अहो, इकडे!"

पहिला मार्ग सरळ : जो आधी ओरडला त्याला आधी. रांगेचा धर्म! पण एक हाक या टोकाची, दुसरी त्या टोकाची. वाढप्याचे पाय मोडतात आणि जिलबी गार होते. न्याय सर्वांना सारखा मिळतो, म्हणजे सगळे सारखेच उपाशी.

मग दुसरा मार्ग : जो जवळ त्याला आधी. काम कसं झपाझप! फक्त जवळच्या मंडळींची भूक संपत नाही, आणि टोकाला बसलेले वरमाईचे मामा वरणभातावरच हात धुऊन उठतात. शास्त्रात या प्रकाराला 'स्टार्व्हेशन', म्हणजे चक्क उपासमार, असंच नाव आहे. आता बघा, वाढपी काही दुष्ट नव्हे. मामांना तो एकदाही 'नाही' म्हणालेला नाही. तो फक्त दर वेळी सोयीचं तेवढं करत गेला. जगातले पुष्कळ अन्याय असेच होतात. त्यांत खलनायक शोधायला गेलं तर घाम पुसणारा एक कामसू माणूस सापडतो.

म्हणून तिसरा मार्ग निघाला, लिफ्टचा. एका दिशेने निघायचं, वाटेतल्या सर्वांना वाढत टोक गाठायचं आणि वाढतच परतायचं. यातही टोकाच्या माणसाची एक संधी हुकली की पूर्ण जाऊन-येऊन फेरीची वाट! तेव्हा काहींनी ठरवलं, टोकाला पोचल्यावर न वाढता परत यायचं आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची. मोकळ्या हेलपाट्याची किंमत मोजून न्याय विकत घ्यायचा.

लिनक्समधल्या 'डेडलाइन' पद्धतीने तर घड्याळच लावलं : वाचणाऱ्याला ५०० मिलिसेकंदांची मुदत, लिहिणाऱ्याला ५ सेकंदांची. हा पंक्तिप्रपंच वाटेल. पण लिहिणारा बहुधा आपलं ओझं मेमरीत टेकवून पुढच्या कामाला गेलेला असतो. वाचणारा मात्र रिकाम्या पानाकडे बघत अडून असतो. सर्वांना सारखं वागवणं आणि सर्वांशी न्यायाने वागणं, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

२००१ साली सीताराम अय्यर आणि पीटर ड्रशेल यांनी आणखी मजेदार गोष्ट मांडली : एकाला वाढलं की लगेच पळू नका, क्षणभर तिथेच थांबा, तो बहुधा शेजारचंच काहीतरी मागेल. लिनक्सने २००३ मध्ये हे स्वीकारलं आणि २०१० मध्ये काढून टाकलं. नुसतं उभं राहणं हीसुद्धा सेवा असू शकते, हे ऐकून आमच्या ओळखीचे काही कारकून धन्य झाले असते. फरक एवढाच, की इथे उभं राहायचं ते सहा-सात मिलिसेकंद.

आताच्या एसएसडीत ना तबकडी, ना दांडा. तिथल्या सर्वांत चपळ जातीला लिनक्स सहसा असला वाढपी ठेवतच नाही. जिथे विपुलता तिथे न्यायाचं कामच नाही, असं डेव्हिड ह्यूमने १७५१ सालीच लिहून ठेवलं होतं. पण दवाखाने, नळ, न्यायालयं यांची एसएसडी अजून निघालेली नाही. तिथे वाढपी एकच आहे, आणि पंगत कशी झाली हे मधल्या पानांना विचारून कळत नाही. टोकाच्या मामांना विचारावं लागतं.

अर्थात वाढप्याला फार बोलू नये. जिलबीचं ताट अजून त्याच्याच हातात आहे.