अपत्यप्राप्ती : दैव आणि पुरुषकार

अपत्यप्राप्ती हा दैवाचा भाग की प्रयत्नाचा, या प्रश्नाला लागू पडेल असे उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुर्मर्यादेच्या निमित्ताने आले आहे : पूर्वजन्मीचे कर्म ते दैव, या जन्मीचे कर्म तो पुरुषकार, आणि दोहोंत जे बलवान ते दुर्बलावर मात करते. शारीरस्थानात तर गर्भाधानापूर्वी दोघांचीही शरीरशुद्धी सांगून पुरुषाला मधुर औषधांनी सिद्ध केलेले दूध-तूप आणि स्त्रीला तेल व उडीद असा आहार दिला आहे. सुश्रुताने ऋतू, क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अंबू म्हणजे पोषक रस आणि बीज अशी गर्भधारणेची चार अंगे मानली. दोष एकट्या क्षेत्राचा, हा आग्रह या वैद्यकाचा नव्हे, घरातल्यांचा आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात सकाळची चर्चगेट लोकल गाठण्यासाठी न्याहारी बुडवायची, दुपारी वडापाव, रात्री उशिरा जेवण आणि मधल्या वेळी तंबाखू, असा क्रम ज्या घरात चालतो, तेथे पुरुषकाराला पुष्कळ वाव आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने तंबाखू सोडल्याचा परिणाम चार दिवसांत दिसत नाही. पीसीओएस, म्हणजे ज्यात स्त्रीबीज दरमहा नेमाने सुटत नाही असा विकार, असलेल्या स्थूल स्त्रीचे वजन शेकडा ५ ते १० उतरले तरी पाळी पुष्कळदा मार्गी लागते.

पेच पुढेच आहे. प्रयत्नाने फळ मिळते असे मानले, की फळ न मिळणे हा प्रयत्नाचाच कमीपणा ठरतो. पूर्वी पूर्वजन्मीचे पाप काढत, आता बाहेरचे खाणे आणि उशिराचे लग्न काढतात, आणि बोट बहुधा सुनेकडेच असते. वास्तविक बंद पडलेली बीजवाहिनी नाचणीच्या भाकरीने उघडत नाही, आणि वाढत्या वयाबरोबर घटणारी स्त्रीबीजे कोणत्याही पथ्याने परत येत नाहीत. निष्काम कर्माचा उपदेश येथे जसाच्या तसा लावणे अवघड आहे, कारण हे कर्म मुळात फळासाठीच केले जाते; तरीही फळावरून कर्त्याची योग्यता ठरत नाही, एवढा त्यातला भाग अपत्याची वाट पाहणाऱ्या जोडप्यांच्या हक्काचा आहे. नवस बोलणाऱ्याने तो खुशाल बोलावा, मात्र नवस फळण्याची वाट पाहत तपासणी लांबवू नये.

नियमित संबंध असूनही वर्षभरात, आणि स्त्रीचे वय ३५च्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच, दिवस राहिले नाहीत तर दोघांनीही एकाच वेळी डॉक्टरांकडे जावे. तपासण्यांतली सर्वांत सोपी तपासणी वीर्याची आहे आणि ती पुरुषाने आधी करून घ्यावी.